आम्ही म्हणजे कोण?

१

सकाळच्या शिकवण्या आटपून मी घरी येते तेव्हा डोकं भणभणलेलं असतं. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा धंदा ज्याने शोधून काढला त्याला मला एकदा भेटायचंय. क्लच म्हटलं की ब्रेक दाबतात, उजवीकडे म्हटलं की वायपर चालू करतात, आणि वर म्हणतात, "मॅडम, तुम्ही ओरडता ना, म्हणून होतं." माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, म्हणून मी आजवर धडधाकट आहे. तर घरी यायचं, चपला भिरकावायच्या, चहाचं आधण ठेवायचं आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "अप्पा, चहा टाकू ना?" बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, "विचारतेस काय ठमे, टाक." आई गेल्यापासून घरात माणसं दोनच, मी आणि माझे वडील. त्यामुळे बोलणंही ठरलेलं.

त्या दिवशी उत्तर आलं, "नको. आम्ही घेतला."

मला हसूच आलं. "ओहो, राजेसाहेब! कधी घेतलात?" म्हणत मी हात पुसत बाहेर आले.

अप्पा सोफ्यावर होते. पण रोजच्यासारखे मधोमध पाय पसरून नव्हते. अगदी कडेला, अंग चोरून, हात मांडीवर ठेवून बसले होते. आयुष्यभर त्यांनी दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचले. दार उघडणारे लोक त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत असतील, त्या नजरेने ते माझ्याकडे बघत होते. कोण ही, काय काम आहे, आणि कधी जाणार.

"अप्पा?"

"आम्ही निघतोच आहोत," ते अगदी सभ्यपणे म्हणाले. "तुम्ही नका थांबू."

माझ्या वडिलांनी मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही. मी तशीच उभी राहिले. आत आधण उतू गेलं, गॅस फसफसला, तरी मला हलता येईना. मग सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली, अप्पांनी डोळे मिचकावले आणि म्हणाले, "अशी काय बघतेस बावळटासारखी? चहा कुठाय?"

२

नेहमीचे डॉक्टर चौकातच बसतात. गोलमटोल, सदा घाईत, आणि प्रत्येक गोष्टीत स्वतःला सामील करून घेणारे. "आपण जीभ दाखवू. आपण खोल श्वास घेऊ. आपण जरा मीठ कमी करू." जीभ अप्पांची, श्वास अप्पांचा, आळणी जेवणार अप्पा, पण म्हणायचं आपण. मी लहान असताना सुई टोचायच्या आधीसुद्धा ते म्हणायचे, "आपण अजिबात रडायचं नाही हं." मी मनात म्हणायचे, तुम्ही कशाला रडाल?

त्यांनी रक्त तपासायला लावलं, साखर, मीठ, थायरॉईड. वर लघवीही. म्हातारपणी लघवीला संसर्ग झाला तरी माणूस बरळतो म्हणाले. सगळं नॉर्मल आलं. मग त्यांनी अप्पांना विचारलं, "आज वार कोणता?"

"तुमचा दवाखाना उघडा आहे, म्हणजे रविवार नक्की नाही," अप्पा म्हणाले.

डॉक्टर पोट धरून हसले. "अहो, हे तर माझ्यापेक्षा हुशार आहेत!" अप्पाही हसले. मला दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

"डॉक्टर, त्या वेळी ते 'आम्ही' म्हणाले."

"मग? जुनी माणसं. मोठेपणाने म्हणतात."

"हे नाही म्हणत. चार माणसं दिसली की रस्ता बदलणारा माणूस आहे हा. यांच्या तोंडात कायम 'मी'. फार तर 'आपण'."

"आम्ही काय, आपण काय, एकच ना!"

आता 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक शिकल्यासवरल्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी का? आपण जेवायला जातोय म्हटलं की मी चपला घालते. आम्ही जेवायला जातोय म्हटलं की मी घरी बसते. एवढं साधं आहे. पण दवाखान्यात ते बोलून दाखवलं की वेडगळ वाटतं. बाहेर खोकणाऱ्या लोकांची रांग होती. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "आपण काळजी करायची नाही."

३

पुन्हा झालं. मग पुन्हा. आता नेहमी दुपारीच, जेवणं उरकून इमारत गप्प होते तेव्हा. वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबतो, नळ थांबतात, जिन्यात कोणी नसतं, आणि आपल्याच घरातल्या फ्रिजचा आवाज नव्याने ऐकू येतो. मी दुपारच्या शिकवण्या बंद केल्या. मालक कुरकुरला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने कुरकुरले.

जे बघायचे ते दाराच्या चौकटीतून बघायचे. अप्पा कडेला बसलेले. तोंडाने काही बोलत नसत. ऐकत असत. मान हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची. मध्येच खुदकन हसायचं, कोणी हळूच काही चावट बोलल्यावर हसावं तसं. मग ढुंगण उचलून अजून कडेला व्हायचं. "सरकतो, सरकतो," एवढंच म्हणायचं. सोफा जुना, रेक्झिनचा. माणूस उठला तरी खळगा लगेच जात नाही, सावकाश फुगतो आणि फुगताना बारीक उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. तो आवाज मला जन्मापासून माहीत आहे. आता मात्र त्याने अंगावर काटा यायचा.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, झटका आला की प्रश्न विचारा. कुठे आहोत, वार कोणता, समोर कोण. मी धीर करून विचारलं, "अप्पा, आपण आत्ता कुठे आहोत?"

लहान मुलाचं चुकलेलं बोलणं दुरुस्त करावं तसे ते समजुतीने म्हणाले, "आपण नव्हे. आम्ही."

तरी एक आशा होती. खरं सांगते, मला ती हवीशीच वाटत होती. "बरोबर आई आहे का?" मी विचारलं.

"कुणाची आई?" अप्पा म्हणाले.

शुद्धीवर आले, म्हणजे आपल्यात आले, तेव्हा मी त्यांना सोडलं नाही. "कोण होतं सांगा. खरं सांगा."

"कुठे कोण? पेपर वाचत होतो." त्या दिवशी पेपर आलाच नव्हता. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. "ठमे, माझ्या डोक्यात काही बिघडलंय का गं?"

"काही नाही बिघडलं. डॉक्टरांच्या डोक्यात बिघडलंय."

"मी हरवलो तर शोधशील ना?"

"शोधीन नाहीतर काय! हरवून बघाच. कान धरून घरी आणीन." मी तावातावाने बोलले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. मला एकच गोष्ट हवी होती. माझे वडील मला परत हवे होते, संपूर्ण. कोणाबरोबर वाटून नको.

४

मेंदूच्या डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळात बसतात. तिथली बसायची खोली थंडगार. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या, एकजण उठला की सगळी रांग हलते. कितीदा तिथे बसलो ते विचारू नका. एमआरआय झाला. मी बाहेर उभी होते तरी पत्र्यावर हातोडे मारल्यासारखा आवाज येत होता. अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "छान डुलकी लागली." डोक्याला वायरी चिकटवून विजेचा आलेख काढला. सगळ्याचा निकाल एकच, वयाच्या मानाने उत्तम.

"उत्तम असतं तर मी इथे कशाला आले असते?" मी म्हटलं.

"झटक्याचं चित्रीकरण करून आणा," बाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. डॉक्टरांसमोर अप्पा नेहमीच टकाटक. गॅरेजमध्ये नेल्यावर गाडीचा खडखडाट थांबतो, तसंच.

मी फोनवर चित्रीकरण केलं. बाईंनी ते शांतपणे बघितलं. त्यात कडेला बसलेले अप्पा होते, मान हलवणं होतं, आणि बाकी सगळा माझा आवाज. "कोण आहे? अप्पा, माझ्याकडे बघा! कोण आहे तिथे?" इतका कर्कश की मलाच लाज वाटली.

"त्यांना माणसं दिसतात का?" बाईंनी विचारलं. "काही आजारांत भास होतात."

"दिसत असती तर त्यांनी त्या बाजूला बघितलं असतं ना? ते एकदाही बघत नाहीत." मग जे इतके दिवस मनात होतं ते बोलून गेले. "शेजारी ओळखीचं माणूस बसलं की आपण कुठे सारखं त्याच्याकडे बघतो? तसे बसतात ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता तरी पेटली ट्यूब. त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्हाला झोप कशी लागते?"

"मला?"

"घरात अजून कोणी आहे का मदतीला? तुम्ही फार ताणाखाली दिसता."

थोडक्यात काय, अप्पांना काही नाही आणि मला गोळ्या. बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "म्हणाल्या, मुलगी वेडी आहे." ते म्हणाले, "ते मी फुकट सांगितलं असतं." दोघंही इस्पितळाच्या पायऱ्यांवर हसत सुटलो. तो माणूस हरवतोय हे मी कोणाला कसं पटवून देणार होते?

५

माझा मोठा भाऊ लांब दुसऱ्या शहरात असतो. फोनवर त्याचं ठरलेलं, "तू अति विचार करतेस. सरळ चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, तिथे डॉक्टर असतात." शेवटी मी म्हटलं, "दादा, तू ये. दोन दुपारी बापाजवळ बस आणि मग तोंड उघड." आला बिचारा. येताना अप्पांसाठी लोकरी मोजे आणले, भर उन्हाळ्यात.

पहिल्या दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाहेर पडले. एका शिकाऊ बाईला चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकवत होते, पण लक्ष घरात. त्यांनी गाडी बंद पाडली, मी ओरडलेसुद्धा नाही. त्यांनीच विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

घरी आले तर पंखा चालू, टीव्ही बंद. सोफ्याच्या एका टोकाला अप्पा, दुसऱ्या टोकाला दादा. दोघंही अंग चोरून, हात मांडीवर. मध्ये रिकामी जागा. माझा भाऊ म्हणजे आडवातिडवा गडी, बसला की निम्मा सोफा व्यापतो. तो एवढ्याशा जागेत कसा मावला होता कोण जाणे.

"दादा?"

त्याने मान वळवली. "आलीस? बरं झालं. आता ते दवाखाने वगैरे पुरे. अप्पा मजेत आहेत. आम्ही ठरवलंय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे?"

"आम्ही ठरवलंय म्हणालास. कोणी कोणी ठरवलं?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला. उत्तर जिभेवर आहे पण शब्द सापडत नाही असं तोंड झालं. मग खांदे उडवून म्हणाला, "आम्ही गं. तुला काय करायचंय?"

आता हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घराला रंग कोणता द्यायचा, आईला कुठे दाखवायचं, मी काय शिकायचं, सगळं 'आम्ही ठरवलंय'. त्यामुळे मला आधी राग आला, आणि रागाच्या भरात भीती वाटायची राहून गेली. तावातावाने मी त्याची बॅग दारात आणून ठेवली. तो निमूट गेला. वृद्धाश्रमाचं नावसुद्धा काढलं नाही. जिन्यातून उतरताना तो भिंतीला घासून उतरत होता, बाजूने कोणी उतरत असल्यासारखा.

आठवडा झाला असेल, वहिनीचा फोन आला. "तुमच्याकडे काही झालं का हो? हे आल्यापासून विचित्र बोलतात. मी जेवायला वाढलं तर म्हणाले, आम्ही जेवलो. मी विचारलं, कोणाकडे? तर माझ्याकडे असे बघायला लागले..." तिने आवाज खाली आणला. "डॉक्टरांना दाखवू का?"

मी काय सांगणार? म्हटलं, "दाखवा. लघवी तपासायला सांगतील."

६

त्यानंतर मी चौकातल्या डॉक्टरांच्या टेबलासमोर अक्षरशः ठाण मांडलं. "तुम्ही घरी यायचं. दुपारी. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्याशिवाय मी उठत नाही." मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा कुठे ते तयार झाले. "बरं बाई, आपण जाऊ. आपण बघूनच टाकू एकदा."

आले. जिने चढून धापा टाकत होते, माझ्या हातचं पाणी प्यायले, अप्पांना बघून म्हणाले, "काय, आपण कसे आहोत?" अप्पा कडेला सरकलेले होते. झटका सुरू झाला होता. मला हायसं वाटलं. माझा बाप मला ओळखत नव्हता आणि मला हायसं वाटत होतं, इथवर मी आले होते.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही असलात की ते बुजतात."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दार त्यांनी लोटून घेतलं. मग कान देऊन ऐकत राहिले. डॉक्टरांचा मोठा, हसरा आवाज. "आपण हात वर करू... छान. आपण इथे बसू का?" रेक्झिन करकरलं. मग तो आवाज खाली आला. मग गप्प. पुन्हा रेक्झिन. डॉक्टरांनी घसा खाकरला. त्यानंतर जे ऐकू आलं ते बोलणं नव्हतं. खोलीत पुष्कळ माणसं गप्प बसलेली असतात तेव्हा त्या गप्प बसण्यालाच एक आवाज असतो, बघा. कपड्यांची सळसळ, कोणाचा तरी श्वास, कोणाच्या तरी पोटात गुरगुर. तसा. माझ्या लक्षात आलं की माझा पाय फरशीवर जोर करून दाबला गेलाय. तिथे ब्रेक नव्हता.

मी स्वतःला बजावत राहिले. दोन माणसं आत आहेत, तुला माहीत आहे. एक म्हातारा, एक डॉक्टर. जाड माणसाच्या श्वासाचा आवाज होतोच.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, दारातून जरा तिरके होऊन, कोणाला तरी वाट देत. चेहरा शांत. इतका शांत चेहरा त्यांचा मी कधी बघितलेला नाही.

"बघितलंत ना?" मी विचारलं. "काय आहे ते?"

"काळजीचं कारण नाही," ते म्हणाले. "आम्ही बघतो."

"आम्ही म्हणजे कोण, डॉक्टर?"

"आम्ही," ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

आता सांगा, यावर काय करायचं? सगळेच डॉक्टर 'आम्ही बघतो' म्हणतात. बँक म्हणते, विमावाले म्हणतात, नळ दुरुस्त करणारा एकटा येतो आणि म्हणतो, आम्ही बघतो. पोलिसांत जाऊन सांगू का, की आमचे डॉक्टर 'आपण' म्हणायचे ते 'आम्ही' म्हणायला लागले? बघा, मीसुद्धा 'आमचे' म्हणतेच. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यावरून मुद्दाम चालत गेले. खोकणाऱ्यांची रांग होती, आत डॉक्टर कोणाला तरी तपासत होते. "आम्ही गोळ्या देतो," असं ऐकू आलं. रांगेतल्या कोणाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. का वाटावं?

७

मग मी ठरवलं, आता कोणाच्या पाया पडायचं नाही. माझा बाप आहे, मीच आत जाणार.

आजवर मी चौकटीतूनच बघत आले होते, ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. झटका चालू असताना त्या खोलीत मी एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. दुपार झाली. मिक्सर थांबला. अप्पा सरकले. मी चपला काढल्या, का ते ठाऊक नाही, आणि आत गेले.

खोली नेहमीचीच होती. भिंतीवरचं कॅलेंडर, टीव्हीवरचा धुळीचा थर, दादाने आणलेले मोजे तसेच पिशवीत. फक्त उकडत होतं, पंखा चालू असूनही, माणसांनी भरलेल्या खोलीत उकडतं तसं. मी अप्पांच्या समोर उभी राहिले.

त्यांनी वर बघितलं आणि हसले. माझे अप्पा, संपूर्ण. ती सभ्य, परकी नजर नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"ठमे! आलीस होय. किती वेळ लावलास."

"अप्पा, मला ओळखलंत?"

"तुला नाही ओळखणार? ये, बस." त्यांनी शेजारच्या जागेवर हात ठेवला. "आता आपण जाऊ."

आपण. इतके महिने मी त्या एका शब्दासाठी टाचा घासत होते. तो त्यांनी इतक्या मायेने म्हटला की माझे गुडघे वाकायला लागले होते. बसणारच होते. मग माझी नजर सोफ्यावर गेली.

अप्पा एका टोकाला होते. त्यांच्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेक्झिन दबलेलं होतं. पार शेवटपर्यंत, खळग्याला खळगा लागून, फार दाटीवाटीने. एवढी माणसं त्या सोफ्यावर बसूच शकत नाहीत. आणि अप्पांनी जिथे हात ठेवला होता तिथला खळगा मी बघत असताना भरून यायला लागला. हळूहळू, बारीक उसासा टाकत. कोणीतरी माझ्यासाठी सरकलं होतं.

मी अप्पांचा हात धरला. "तुम्ही उठा. माझ्याबरोबर आत चला. आत्ताच्या आत्ता."

"मी एकटा कसा उठू?" ते हसून म्हणाले. "सगळे बसलेत."

मी ओढलं. शक्ती लावून ओढलं, म्हाताऱ्या माणसाचा हात निखळेल एवढं. वजन काही केल्या हलेना. माझे अप्पा काटकुळे आहेत, मी त्यांना आंघोळीच्या स्टुलावरून एका हाताने उठवते.

"ये ना गं," ते म्हणाले. "किती दिवस उभी राहणार?"

"नको," मी म्हटलं. "अप्पा, नको. मला भीती वाटते."

त्यांनी हात सोडवून घेतला. रागाने नाही. बसमध्ये चुकून दुसऱ्याचा हात हातात आला तर आपण सोडवून घेतो, तसा. चेहऱ्यावरून ओळख उतरत गेली आणि ती नजर आली. मी मागे मागे होत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि फरशीवर बसले. चार वाजले, नळ आले, वरचा मिक्सर सुरू झाला, जिन्यात पोरं दंगा करायला लागली. अप्पा परत आले नाहीत.

८

ते अजून आलेले नाहीत. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना आता सगळं स्पष्ट दिसतं. आजाराला त्यांनी लांबलचक नाव दिलंय. "तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं," असंही म्हणाल्या. याच वाक्यासाठी मी त्यांच्या दारात किती चपला झिजवल्या. आता ते घेऊन काय करू? खोकला गेल्यावर मिळालेलं औषध. मी त्यांना नुसतं थँक्यू म्हटलं.

मी अप्पांना भरवते, पुसते, कपडे बदलते. ते कधी त्रास देत नाहीत. प्रत्येक घासाला आभार मानतात. सोफ्यावरच असतात. मी त्यांच्यासमोर लाकडी खुर्ची ठेवली आहे आणि त्यावरच बसते. शिकवण्या पुन्हा सुरू केल्यात. शिकाऊ लोकांवर पूर्वीपेक्षा कमी ओरडते. त्यांना वाटतं मॅडम सुधारल्या.

काल दुपारी त्यांना पेज भरवत होते. तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली. ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते, कीव आल्यासारखे. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? तुम्ही रोज एकट्याच येता. तुमचं कोणी नाही का?"

खोटं बोलायचं तरी कोणासाठी? म्हटलं, "वडील होते."

"गेले?"

"हो."

"अरेरे," अप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, आवाज घोगरा झाला होता. "आम्हाला फार वाईट वाटलं."

आणि सबंध सोफा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम करकरला, सगळे मिळून माझ्याकडे झुकावेत तसा. अप्पा मात्र जागचे हललेही नव्हते.